झाडावर बदललेला विषय

प्रिय मोंजीमामा,

सलाम. तुमचा गुडघा, मामीची शेळी आणि दगाशची हवा, तिन्ही कशी आहेत ते कळवा. मी तब्येतीनं ठणठणीत आहे. बाकी कशानंच नाही.

आपली झुहूर ट्यूनिसला खजुराची डॉक्टर व्हायला गेलीय, असं तुम्ही गावभर सांगितलंत. गेले होते खरं. पण मामा, या विद्यापीठात एका जागी बसवतच नाही हो. एका मजल्यावर समुद्राचं पाणी गोडं करतात, वरच्या मजल्यावर मधमाश्यांचा नाच मोजतात, तळघरात कधीकाळची फुटकी मडकी जोडतात (मामी फोडते ती कोणी जोडत नाही). मी सोंड्या भुंग्याच्या अळीवर डोळा लावून बसते आणि कान शेजारच्या खोलीत. आपण कशाच्याच कामाच्या नाही की काय, असं वाटायला लागलं होतं.

शेवटी मंगळवारी आमच्या शाझली सरांना सांगून टाकलं, मला खजूर सोडायचाय. सर देवमाणूस. म्हणाले, "सोड की. पण आधी अंगणातल्या खजुराच्या शेंड्याचा नमुना काढून दे. माळी सुट्टीवर आहे, आणि तुम्ही जरीदची, खजुराच्या मुलखातली माणसं जिना चढावा तशी झाडं चढता म्हणे." आता नाही कसं म्हणणार? (मी कधी चढले, मामा? तुम्ही चढायचात, मी खाली टोपली धरायची.)

चपला काढल्या आणि चढले. चढणं सोपं असतं हो. शेंड्यापाशी तळहातात काटा घुसला, खाली पाहिलं, आणि हातपायांचं लाकूड झालं. बघता बघता खाली सगळं विद्यापीठ जमलं. पदार्थविज्ञानवाले, मी पडले तर किती वेगानं पडेन यावरून भांडायला लागले. मानसशास्त्राची एक मुलगी ओरडली, "ताई, आत्ता नेमकं कसं वाटतंय?" वैद्यकवाले नुसतेच आशेनं उभे. तेव्हा माझं डोकं फिरलं, आणि झाडाला, सरांना, त्या मुलीला, सगळ्यांना मी आईच्या ठेवणीतले शिव्याशाप द्यायला सुरुवात केली. 'तुझ्या मुळाला खारं पाणी लागो' इथपासून ते पत्रात लिहिता येणार नाही इथपर्यंत.

तोच बोलीभाषा शिकवणाऱ्या दलंदाबाई, चांगल्या साठीच्या, गर्दीतून धावत आल्या. "थांब! तो खाऱ्या पाण्याचा शाप पुन्हा दे! तो शब्द मेला असं मी वर्गात शिकवतेय गं!"

"बाई, आधी शिडी!"

"शिडी येतेय. तू बोलत राहा."

आणि खरंच मामा, बोलता बोलता भीती गेली. अर्थ सांगत, एकेक पाय खाली टेकवत उतरलेसुद्धा. शिडी आली तेव्हा मी जमिनीवर बसून बाईंना शेळी हाकलायचे शब्द सांगत होते, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मला कुठं उठून जावंसं वाटत नव्हतं.

शाझली सरांनी स्वतः काटा काढला. "नमुना?"

"वरच राहिला, सर."

"राहू दे. दिली तुला बोलीभाषेला. सुखानं नांद."

तुमची भाची,
झुहूर

ता. क. आईला यातलं अक्षर ठाऊक नाही.

ता. क. दुसरा: दलंदाबाई रविवारच्या बसनं दगाशला येताहेत, महिनाभर, तुमच्याकडेच. मी हो म्हणून बसलेय. आईला सांगा, खजुराच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत. मग त्यांच्यासमोर तिला जरा डिवचा. 'कुसकुसात मीठ कमी पडलंय' एवढं म्हटलंत तरी पुरेल. बाईंचं महिन्याचं काम होईल.

ता. क. तिसरा: मीही येतेय, पण त्यांच्या मागून येणाऱ्या बसनं. आईचा शिव्यांचा साठा तुमच्यावर संपला, की मग मी आत येऊन विषय बदलल्याचं सांगेन.