लहान गाठीची बातमी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोट दुखतं म्हणून तपासायला गेलो, तर यकृतात दोन गाठी निघाल्या. घाबरू नकोस. मोठी लिंबाएवढी आहे, पण ती नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता. कित्येकांना असते आणि जन्मभर त्रास देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लहान गाठीचं मंगळवारी सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवणार. त्या सगळ्यांची मोट बांधणाऱ्या एक सिस्टर आहेत. रिपोर्ट, तारखा, फोन, सगळं त्यांच्याकडे. मी त्यांना मुकादम म्हणतो. त्यांच्या दारावरची पाटी कुणी रंगवलीय कोण जाणे, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलीत.

तू लेकीचं बाळंतपण सांभाळ. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा पेंटर

१३ मार्च

चि. पेंटरास,
अनेक आशीर्वाद.

लिंबाएवढी गाठ, आणि म्हणे घाबरू नकोस! लहान गाठीचं काय झालं ते आधी लिही, लोकांच्या पाट्यांना नावं मागाहून ठेव. लेकीला आठवा सरत आलाय, पाय सुजलेत, त्यामुळे निघता येत नाही. जीव तिकडेच आहे.

वहिनीचं ऐकत जा. उत्तराची वाट पाहते.

ताई

२४ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहितेय. मोठ्या गाठीचं त्यांनी कळवलं ते खरं. लहान गाठ मात्र कॅन्सरची आहे, यकृतातच उगवलेली. मंगळवारी सर्जन, स्कॅन वाचणारे, औषधं देणारे असे सहाजण तासभर बसले. गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरलीय, उरलेलं यकृतही आक्रसलंय. ऑपरेशन होणार नाही. औषधाने काही महिने मिळाले तर मिळाले.

सिस्टरनी आम्हाला समोर बसवून हे सगळं सावकाश सांगितलं. मग विचारलं, आणखी कुणाला कळवायचंय का? हे म्हणाले, ताईला आत्ता नको, बाळंतपण होऊ दे. त्या म्हणाल्या, तेवढा वेळ हातात आहे असं धरून चालू नका. हे घरी येऊन कोरडे ब्रश पुन्हा पुन्हा धूत बसले.

चुकले असेन तर पदरात घ्या.

तुमची वहिनी

२ जून

सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. नातू दीड महिन्याचा झालाय. जन्मला तेव्हा मी इथे नव्हते, पण लेकीने एका शब्दाने बोल लावला नाही. मामाकडे जा, असं तीच म्हणाली होती.

तू कळवलंस म्हणून मला त्याचे आठ आठवडे मिळाले. मला दारात बघून तुझ्यावर केवढा चिडला, आणि लगेच माझ्यासाठी खुर्ची पुसायला लागला! शेवटी दुखणं वाढलं तेव्हा मुकादमबाईंनी औषध द्यायला घरी नर्स धाडली, म्हणून तो आपल्या खोलीत, तुझा हात धरून गेला. त्यांना माझा नमस्कार सांग.

वर मायना लिहिताना सवयीने ‘सौ.’ लिहून गेले. खोडायला पेन टेकवलं, पण खोडवेना. तसंच राहू दिलंय. एवढं सांभाळून घे.

ताई