आदेशच्या रक्तात काय झालं

नागपूर,
सोमवार, दुपार

प्रिय करिष्मा,

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला घरी आणायचं असतं, हे गावातल्या कोणत्याही बाईला कळतं. मी मात्र आधी सांगितलं की घरावरची कवेलं फेरायला काढली आहेत. मग सांगितलं की नाल्याच्या काठाने वाघ फिरतोय, दिवस कलला की कुणी बाहेर निघत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, पण कारण ते नव्हतं. शेवटच्या वेळी तू म्हणालीस, "लोकायच्या माय लेकीच्या बाळंतपणासाठी जीव टाकतात, अन् माही माय कवेलू फेरून राह्यली," आणि फोन ठेवलास. त्या वेळी मी घरी नव्हते, करिष्मा. नागपूरच्या दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. मागून गाड्यांचा आवाज येतोय म्हणून तू विचारलंस तेव्हा पोंभुर्ण्याच्या बाजारात आलेय, असं सांगून मोकळी झाले.

आता नीट बस. पाठीशी उशी घे. मीराबाईंना जवळ बोलावून घे, त्या सासू असल्या तरी माझ्यापेक्षा धीराच्या आहेत. मी तुला सांगितलं होतं तसा आदेशला टायफॉइड झालेला नाही. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. तो जिवंत आहे, हे लिहितेय तेव्हा माझ्यासमोर भिंतीकडे तोंड करून झोपला आहे, आणि सकाळी त्याने अर्धी वाटी खिचडी खाल्ली. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

दिवाळीनंतर धान कापायला निघालं तेव्हा सुरुवात झाली. तुझा भाऊ कसा भारे वाहायचा ते तुला ठाऊक आहे, एक टाकून येत नाही तोच दुसरा उचलायचा. यंदा एक भारा नेला आणि शेताच्या धुऱ्यावर बसून राहिला. बाबा ओरडले, "काऊन रे, आतापासूनच म्हातारा झाला का?" तो हसला, उठला आणि पुन्हा बसला. दोन दिवसांनी ताप. आपल्याकडे ताप म्हणजे मलेरिया, म्हणून बोटातून रक्त काढलं, त्यात काही निघालं नाही. ताप उतरला, पुन्हा चढला. पाय दुखतात म्हणू लागला, हाडाच्या आतून दुखतात म्हणे. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. मला वाटलं सिकलसेल असेल. अंगणवाडीत इतकी वर्षं अशीच लेकरं पाहिली ना मी. सिकलसेलही नव्हता. मग एक दिवस दात घासताना बेसिनभर रक्त आलं, आणि पोटऱ्यांवर बारीक जांभळ्या टिकल्या दिसल्या. मी अंगठ्याने दाबून पाहिल्या. दाबल्यावर डास चावल्याची लाली विरते. त्या टिकल्या विरत नव्हत्या. करिष्मा, काय झालंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी घरात शिरलंय एवढं कळलं होतं.

चंद्रपूरला रक्त तपासलं. तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या की पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या आहेत, असायला हव्यात दहा हजारांच्या आत. तुझ्या बाबांना तर आनंदच झाला. म्हणाले, "पांढऱ्या पेशी तर रोगाशी लढतात ना, म्याडम? शाळेत पोरायले शिकवतात तसं. आमच्या पोराजवळ तर भरपूर हायेत. मंग चांगलंच झालं ना?" मॅडम हसल्या नाहीत. मान खाली घालून चिठ्ठी लिहू लागल्या, आजच नागपूरला न्या म्हणाल्या. बाबा अजून उत्तराची वाट पाहत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू हळूहळू कसं गेलं, ते मी पाहिलं. त्या दिवसापासून भीती माझ्या अंगात जी बसली ती उठलीच नाही.

इथल्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवून समजावलं. मी तुलाही तसंच सांगते, कारण लोक तुला भलतंसलतं सांगतील. रक्त हाडाच्या आतल्या मगजात तयार होतं. पांढरी पेशी तिथे आधी कच्ची असते, मग पिकते, मग रक्तात उतरून जंतूंशी लढते आणि तिचा वेळ झाला की मरते. आदेशच्या मगजात एक पेशी बिघडली. ती पिकलीच नाही, आणि मेलीही नाही. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि सगळा मगज त्या कच्च्या पेशींनी भरून गेला. लाल पेशींना जागा उरली नाही, म्हणून तो पांढरा पडला आणि थकला. रक्त थांबवणाऱ्या पेशींना जागा उरली नाही, म्हणून हिरड्यांतून रक्त आलं. आणि पांढऱ्या लाखभर असूनही एकीलाही लढता येत नव्हतं, म्हणून ताप हटत नव्हता. बाबा म्हणाले, "म्हंजे बांधी भरून लोंब्या हायेत, पण साऱ्या पोचट." मॅडम म्हणाल्या, "हो काका. आणि त्या चांगल्या धानाला उगवूही देत नाहीत."

मी विचारलं, कशाने झालं? फवारणीच्या दिवसांत तो शेतात होता, त्याने? तुझ्याकडे माजरीला सुट्टीत राहायला आला होता, तिथल्या कोळशाच्या धुळीने? मी त्याच्या खाण्यात काही कमी केलं का? त्या म्हणाल्या, बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही, आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्यांनी मला लॅबमधल्या दुर्बिणीतून त्याच्या रक्ताचा थेंबही दाखवला. काय पाहायचं ते मला कळत नव्हतं. दिसल्या त्या नुसत्या मोठ्या जांभळ्या पेशी, एकीला एक चिकटून, कुठे फट म्हणून नाही. माझ्याच पोटात वाढलेल्या लेकराच्या आत हे चाललं होतं, आणि मी वरून त्याच्या अंगाला तेल चोळत होते.

मग औषधं सुरू झाली, सलाइनमधून. ती वाईट पेशी मारतात तशा चांगल्याही मारतात. केस गेले, तोंडात फोड आले, पाणी गिळतानाही रडायचा. पांढऱ्या पेशी लाखावरून उतरत उतरत जवळजवळ नाहीशाच झाल्या. आधी मला त्या फार होत्या म्हणून भीती, आता मुळीच नाहीत म्हणून भीती. अंगात लढायला कुणीच उरलं नाही, की साध्या सर्दीनेही माणूस जातो. लच्छूकाका गावाहून एवढ्या लांब त्याला भेटायला आले, डब्यात त्याच्या आवडीचे अनारसे घेऊन. त्यांना एक शिंक आली आणि मी त्यांना हात जोडून दाराबाहेर काढलं. अनारसेही परत दिले. बिचारे काचेतून हात हलवून गेले. मी दिवसभर हात धुते. माझ्या तळव्यांची साल निघाली आहे. त्याच्या कपाळाला हात लावायची भीती वाटते, कारण ते गरम लागलं तर काय करू?

आणि एका संध्याकाळी ते गरम लागलंच. दिवेलागणीची वेळ होती. तो थंडी वाजते म्हणाला, आणि बघता बघता त्याचे दात वाजू लागले, खाटही हलायला लागली. नर्स धावल्या, मोठ्या मॅडम घरी निघालेल्या होत्या त्या परत आल्या, एकामागून एक इंजेक्शनं दिली. मला पडद्याच्या बाहेर काढलं. शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडची आशाबाई तिच्या मुलीजवळ होती, मुलीला आदेशचाच आजार. तिने माझा हात धरून ठेवला. ती अर्धं तेलुगूत बोलते, मला निम्मं कळत नाही, पण ती सारखं काहीतरी बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. आदेशचा ताप सकाळपर्यंत उतरला. पुढच्या आठवड्यात आशाबाईच्या मुलीला तसाच ताप आला आणि तो उतरला नाही. मी दूध गरम करायला खाली गेले होते, वर आले तर नर्स ती खाट धुऊन कोरडी करत होत्या. माझ्याच्याने आशाबाईला गाठताही आलं नाही.

त्या दिवशी आदेशने मला विचारलं, "आई, मले खरं सांग, मी मरून राह्यलो का?" मी म्हटलं, नाही रे. तो म्हणाला, "त्या पोरीची आई बी तिले नाईच म्हणत होती." मग मी त्याला डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, कच्च्या पेशी, मगज, औषधं, सगळं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, आता थोडं बरं वाटतं, काय होतंय ते तरी कळलं. म्हणून तुलाही मी सगळं लिहितेय. मला वाटत होतं की पोटुशीला असलं काही सांगू नये, तिच्या बाळावर परिणाम होईल. पण न सांगितल्याने तू तिकडे एकटीच रडत बसलीस, तेही बाळाने ऐकलंच असेल.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहिते. गेल्या आठवड्यात मॅडमनी बोलावलं. औषधांनी आजार दबला आहे, पण या आजारातला आदेशला झालेला प्रकार वाईट, तो पुन्हा उसळणार. त्याला दुसऱ्या कुणाचा तरी निरोगी मगज द्यावा लागेल, म्हणजे त्यातून नव्या, पिकणाऱ्या पेशी तयार होतील. आमचं दोघांचं अर्धंच जुळतं. अर्ध्यावरही करतात, पण त्यात धोका जास्त. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची आशा चारात एक. मॅडमनी विचारलं, "याला सख्खा भाऊ-बहीण आहे का?" बाबा म्हणाले, "हाये." त्याच क्षणी मी म्हणाले, "नाही." तुला सांगते, मी विचार करून बोलले नाही. मला फक्त तुझं पोट दिसलं आणि मगज काढायची सुई दिसली. बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. खोलीत आल्यावर आदेशने विचारलं, "आई, ताई मेली का?" मॅडमची खोली शेजारीच, दार उघडं होतं, त्याने ऐकलं होतं. मी रडू लागले तसा म्हणाला, "रडू नको. पण तिले आताच नको सांगू. तिचं होऊ दे आधी."

मी दुसऱ्या दिवशी मॅडमकडे जाऊन खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आत्ता फक्त गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घ्यायची, त्याने तुला किंवा बाळाला काहीच होत नाही. जुळलं तरी बाळंतपण होऊन तू नीट सावरेपर्यंत मगज घेणार नाहीत, तोवर याला औषधांवर धरून ठेवायचा प्रयत्न करतील. तोवर धरेल की नाही, ते त्याही सांगू शकत नाहीत. पुढे मगज काढताना तुला गुंगी देतील, कमरेच्या हाडातून काढतील, काही दिवस दुखेल. मी भीत भीत सगळं विचारून घेतलंय, तुझ्या वतीने. हे पत्र मी खुशाली कळवायला किंवा तुझा राग घालवायला लिहिलेलं नाही. मी मागायला लिहिलं आहे. एका लेकराकडे दुसऱ्याचा जीव मागतेय, आणि मला दोघांचीही भीती वाटते. हे वाचताना बाबा तुझ्यासमोर बसलेले असतील. त्यांच्या पिशवीत ती काडी आणि दवाखान्याचं पाकीट आहे. ते तोंडाने काही मागणार नाहीत, त्यांना जमणार नाही. जावई अजयरावांशी, मीराबाईंशी बोल, आणि तुझ्या मनाला विचार. नाही म्हणालीस तर कारण सांगू नकोस, मी विचारणार नाही. तुझे दिवस भरले की बाबा आदेशजवळ थांबतील आणि मी माजरीला येईन, तू हो म्हण की नाही म्हण. तूर्तास एवढंच कर, त्यांना जेवायला वाढ. ते सकाळपासून उपाशी आहेत.

तुझीच, आणि त्याचीही,
आई