पायाखालचा ब्रेक

सोमवार, ३. सकाळी.
मुंगीला इन्शुलिनचा पंप बसून आज महिना झाला. लेक सोळाची झाली, नाव अजून मुंगीच. रोजच्या सुया गेल्या. कमरेला डबी, तिची नळी पोटाला, दंडावर सेन्सर, आणि साखरेचा आकडा थेट माझ्या मोबाईलवर. कमाल आहे.

पुढच्या सोमवारी तिला व्हॉलीबॉलच्या टीमबरोबर दोन दिवस बाहेरगावी जायचंय. माझी अट: आठवडाभर पंप एकटीने सांभाळून दाखव, मी मध्ये पडणार नाही. ही, म्हणजे मुंगीची आई, म्हणाली, बघू कोण पास होतं ते. परीक्षा पोरीची आहे, माझा काय संबंध? मी काळजी करणाऱ्यातला नाहीच. ड्रायव्हिंग शिकवतो. नवशिक्याशेजारी थंड डोक्याने बसणं हाच धंदा. शिवाय माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतोच.

सोमवार, दुपारी.
आकडा एकदाच पाहिला. १४२. मग बॅटरी बघताना चुकून दिसला. १३८.

मंगळवार.
मुंगीला फोन. साखरेसाठी नाही, सहज. डबा खाल्लास का, आधी डोस घेतलास का, किती घेतलास. गणिताचा तास चालू होता म्हणे. मग उचलला कशाला?

बुधवार.
मोबाईल गाडीच्या कप्प्यात बंद. निश्चय म्हणजे निश्चय. फक्त सिग्नलला उघडायचा. शिकायला येणारे काका (रिटायर्ड, परवा टेस्ट) म्हणाले, सारखं काय शोधताय? चष्मा, म्हटलं. चष्मा नाकावर होता.

गुरुवार.
तिच्या क्रीडाशिक्षकांना ओझरतं भेटलो. पाऊण तास. साखर उतरल्याची लक्षणं समजावली: घाम, थरथर, चिडचिड. मुंगी मैदानातून बघत होती. तिन्ही लक्षणं दिसली. साखर १२० होती.

शुक्रवार.
काका नापास. टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब मागच्या सीटवर. काका नीट थांबतच होते, तेवढ्यात मी ब्रेक दाबला. साहेबांनी विचारलं, गाडी नक्की कोण चालवतंय? परत येताना काका मागच्या सीटवर जाऊन बसले. वय झालं की माणूस मनाला लावून घेतो.

शनिवार, दुपारी.
नशीब मी घरी होतो! मोबाईलवर ५४, शेजारचा बाण खाली, म्हणजे साखर अजून उतरतेय. मुंगी गाढ झोपलेली. गदागदा हलवून दोन ग्लास ज्यूस पाजला. बाबा, आधी बोट टोचून तर बघ, म्हणत होती. साखर उतरली की माणूस हट्टी होतो. मी ऐकलं नाही.

शनिवार, संध्याकाळी.
३१८. ती त्याच दंडावर झोपली होती. सेन्सर दबला की आकडा खोटाच कमी दाखवतो. नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी मानही डोलावली होती. पंप साखर उतरवत होता, पण मुंगीला मळमळत होतं, तोंडाला कोरड. शेवटची प्रॅक्टिस बुडाली. भिंतीकडे तोंड करून रडली. म्हणाली, मला साखरेची भीती नाही वाटत बाबा, तुझी वाटते.
सेन्सरवाल्या कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार आहे.

रविवार.
मोबाईलवर आकडाच नाही. नेटवर्क असेल. दोनदा बंद-चालू केला. मग कळलं, तिने माझं बघणं बंद केलंय. आईचं चालू आहे. हिला म्हटलं, जरा दाखव. म्हणाली, मध्ये पडायचं नाही, अट तुमचीच आहे.
क्रीडाशिक्षकांचा निरोप: मुलगी खुशाल येऊ दे. फक्त वडिलांनी फोन करू नये.
पत्र लिहिलं नाही.

सोमवार, १०. सकाळी.
टीमची बस गेली. मुंगीने खिडकीतून हात केला. आधी आईला, मग मलाही. ही म्हणाली, ११८ आहे, बाण सरळ. मी विचारलं नसताना हिने सांगितलं. काल दिवसभरही सरळच होता म्हणे. म्हणजे मी बघत नव्हतो तेव्हा.
मला भीती वाटते. रोज वाटते. आठवडाभर एवढं लिहिलं, तेवढंच लिहायचं राहिलं.
बस कोपऱ्यावर वळली तेव्हा खाली पाहिलं. माझा उजवा पाय फुटपाथवर गच्च दाबलेला होता. बस थांबली नाही.