माहेरचा सामना

आबा,

काल आखाजी झाली, कॅलेंडरवरची अक्षय्य तृतीया. तुमची घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं, इथे खरबूज म्हणून मिळतं ते, दोन आंबे ठेवले, विस्तवावर तुमच्या नावाचा घास घालून आगारी टाकली. तुमच्या सुनेनं पुरणाच्या पोळ्या केल्या, पण तव्यावरच्या. डिंडोलीच्या फ्लॅटमध्ये मातीचं खापर मांडायला चूल कुठून आणणार. तुम्हाला नावं ठेवायची असतील तर ठेवा. हे पत्र मात्र पोळ्यांसाठी नाही. काल मैदानावर माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ देऊन, आणि ज्या गोष्टीसाठी झाला ती गोष्ट खोटी आहे. ती थाप मी पहिल्यांदा तुम्हालाच मारली होती, म्हणून खरं काय तेही आधी तुम्हालाच सांगायला हवं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, म्हणजे तसा उशीरच झाला.

आधी त्याच्याबद्दल लिहितो, कारण त्याच्याशिवाय माझं काही सुरूच होत नाही. लिंबायतला आपल्या गल्लीत तिसऱ्या खोलीत राहायचा, माझ्याच वयाचा, तुमच्याच लूमच्या खात्यात बॉबिन भरणाऱ्या बाईंचा मुलगा. तुम्ही भुसावळला रेल्वेच्या मैदानाकडेला वाढलेले. सुरतेत येऊन फोरमन झालात, पण रविवारी सकाळी शिट्टी गळ्यात घातल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागत नसे. अख्खं लिंबायत क्रिकेट खेळायचं आणि रेल्वेलाइनच्या कडेच्या रिकाम्या प्लॉटवर तुम्ही कारागिरांची फुटबॉलची टीम उभी केलीत. आम्ही दोघं एकाच दिवशी त्या प्लॉटवर आलो. महिनाभरात तो पुढे खेळायला लागला आणि मी मागे. मला तुम्ही सांगायचात, 'तू फक्त तुझी जागा सोडू नको.' त्याला काहीच सांगायचा नाहीत, नुसते बघत राहायचात. तुमचं ते बघणं मी मागून, लेफ्ट बॅकच्या जागेवरून, बघायचो.

तो टीम सोडून गेला तेव्हा आम्ही चोविशीत होतो. तापीपलीकडच्या एका प्रोसेस मिलनं टीम काढली होती, खेळाडूला कायमची नोकरी. तो येऊन तुमच्या पाया पडला, तुम्ही 'जा' म्हणालात, तो गेला. आपल्या लोकांनी मात्र दोन दिवसांत निकाल लावला. टीमचे पाठीराखे म्हणजे तरी कोण, पाळी सुटल्यावर टपरीवर बसणारे वीस-पंचवीस कारागीर आणि रिक्षावाले. पण तोरा न्यायाधीशाचा. ज्याला खांद्यावर घेऊन नाचले होते तो आता मिठाला न जागणारा ठरला. त्याचा डावा पाय म्हणे कधी चालतच नव्हता. तो पलीकडच्या टीमकडून पहिल्यांदा आपल्याविरुद्ध खेळायला आला, त्या दिवशी कुणीतरी कॉर्नरच्या झेंड्याजवळ मिठाची अख्खी पिशवी ओतून ठेवली होती. त्यानं बुटानं मीठ बाजूला सारलं आणि कॉर्नर घेतला. लोक त्याला शिव्या घालत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, थंड थंड वाटत होतं. वाटलं, आता तरी हे लोक राहिलेल्याकडे बघतील.

त्यानं त्या दिवशी आपल्यावर दोन गोल केले आणि दुसऱ्या गोलाला तुम्ही टाळ्या वाजवल्यात. अख्ख्या मैदानात एकट्यानं. सामना संपल्यावर टपरीवर एकानं तुम्हाला तोंडावर विचारलं, की तुम्ही नक्की कोणाचे. तुम्ही ग्लास खाली ठेवलात. "आंडेर सासरी गयी म्हनीसन तिले कोनी शिव्या देस का?" मुलगी सासरी गेली म्हणून तिला कोण शिव्या देतं, असं त्या न्यायाधीशांनाच विचारून तुम्ही उठलात. आणि त्याच वर्षी तुम्ही आखाजीचा सामना सुरू केलात. टीम सोडून गेलेले सगळे त्या दिवशी सासुरवाशिणींसारखे माहेरी येणार, वापीहून, अंकलेश्वरहून, नदीपलीकडून. सकाळी त्यांचा आपल्या चालू टीमशी सामना आणि मग आमरस-पोळीची पंगत. लोक आधी हसले. पण खान्देशी माणसाला आखाजीचं बोलावणं मोडता येत नाही. दुसऱ्या वर्षी मीठ ओतणारेच फाटकाशी उभे राहून आलेल्यांच्या गळ्यात पडत होते.

तुमच्या लक्षात आलं होतं का, आबा, की या रिवाजात माझ्यासाठी जागाच नव्हती? पाहुणा व्हायला आधी जावं लागतं. फाटकाशी माय भाकरतुकडा ओवाळून टाकायची, तो त्याच्यावरून. कुंकवाचं बोट लावायची, ते त्याच्या कपाळाला. पहिलं पान त्याचं. मी सामना खेळून, बूट काढून, तसाच घामेजलेला पातेलं घेऊन वाढायला उभा. 'अजून घे रे रस' म्हणायचो आणि मनात म्हणायचो, घशात अडको. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं गेलेल्या खेळाडूचं होतं. त्याचे गोल दरवर्षी वाढायचे. त्यानं एकदा पेनल्टी आकाशात मारली होती, मी डोळ्यांनी पाहिलेली. चार वर्षांत ती खांबाला लागली, आणि आठव्या वर्षी गोलकीपरनं जिवावर उदार होऊन अडवली. माझ्या पायाला लागून एकदा आपल्याच जाळीत बॉल गेला होता, तो गोल मात्र जिथल्या तिथे आहे. राहिलेल्याच्या चुका रोज समोर दिसतात, त्यांना विसरायला कुणाला सवड मिळत नाही.

पाचव्या की सहाव्या आखाजीला मी त्याला पाडलं. बॉल केव्हाच पुढे गेला होता. मी त्याच्या घोट्यावर बूट घातला, आणि घालताना मला ठाऊक होतं. त्याच सामन्यात आधी मी आपटलो होतो तेव्हा तुम्ही रेषेवरूनच 'ऊठ' म्हणाला होतात. त्याच्यासाठी मात्र तुम्ही मैदानात आलात. माझ्याकडे न बघता तुम्ही मातीत बसता, त्याचा पाय मांडीवर घेता, मोजा खाली करता, अंगठ्यानं घोटा दाबून बघता. मी कंबरेवर हात ठेवून उभा. मग मान वर न करता तुम्ही म्हणता, "पाव्हना शे तो. तुले लाज नही वाटनी?" लाज वाटली नाही, आबा. मला तो मांडीवरचा पाय दिसत होता. तुम्ही माझा पाय मांडीवर घेतल्याचं मला काही केल्या आठवेना, मी लहानपणापर्यंत मागे जाऊन आलो.

ती थाप त्याच आठवड्यातली. रविवार, आपलं ते एका खोलीचं स्वयंपाकघर, माय कळण्याची भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून मिरचीचा ठेचा कालवताय. तुम्ही त्याच्या घोट्याबद्दल बोलत होतात, सूज उतरली असेल का म्हणून. मी म्हणालो, "पलीकडच्या टीमनं मलाही बोलावलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं." कुठून आलं कोण जाणे. असं काही बोलायचं मी ठरवलंही नव्हतं. तुमचा हात ताटातच थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मग मायला म्हणालात, "आयकी का? तुना आंडोर घर सोडीसन गया नही." दुसऱ्या दिवशी तुम्ही खात्यात सगळ्यांना पोरगा घर सोडून गेला नाही म्हणून सांगितलंत, लूमच्या खडखडाटात ओरडून. संध्याकाळी टपरीवर लोक मला जागा करून द्यायला लागले. बोलावणं येऊनही न गेलेला, असा मी झालो. लग्न ठरताना सोयऱ्यांना तेच सांगितलं गेलं. माझ्या मुलींना तेच ठाऊक आहे. आणि मला कुणी, कधीही, कुठेही बोलावलं नव्हतं.

आता कालचं सांगतो. आपल्या प्लॉटवर केव्हाच इमारती झाल्या, सामना आता डिंडोलीच्या मैदानावर होतो. टीम आपल्याच लोकांच्या पोरांची, पण बोलतात गुजराती. पंधरा दिवसांपूर्वी त्यातले दोघं घरी आले आणि म्हणाले, "काका, आ वखते तमारुं सन्मान करवानुं छे." बोलावणं येऊनही जो गेला नाही, असा एक तरी माणूस या टीमकडे आहे, त्याचं कौतुक व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी वरवर नको नको केलं. तुमची सून हसली, तिला माझं नको नको कळतं. मग त्यांनी सांगितलं की भाषण तो करणार आहे. मी थाप मारली त्या वर्षी पलीकडच्या टीमचा कप्तान तोच होता. कुणाला बोलावलं आणि कुणाला नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. जाऊन सगळं सांगून टाकावं असंही वाटलं, पण आयुष्यभरात मिळालेली एकच तर शाल, ती हातची कशी घालवू?

तो गाडीतून आला. केस पांढरे, पोट नाही; माझं बघा. फाटकाशी आता भाकरतुकडा ओवाळायला तुमची सून असते, आणि तिनंही तो माझ्यासमोर त्याच्यावरून ओवाळला. सामना झाला, मंडपात खुर्च्या लागल्या, त्यानं माईक घेतला. मी मान खाली घालून बसलो होतो. तो म्हणाला, "येले बी बलावनं उनं व्हतं. माले ठाव शे, मी कप्तान व्हतू. हाऊ गया नही. हाऊ गया नही म्हनीसन आपले माहेर ऱ्हायनं." हा गेला नाही म्हणून आपल्याला माहेर राहिलं, यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, उभं राहून. एवढ्या टाळ्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या, आणि त्याही त्याच्या शब्दांवर. त्यानं माझ्यासाठी शंभर माणसांसमोर खोटं बोलून दाखवलं आणि तेही माझ्यापेक्षा चांगलं. शाल अंगावर पडली तेव्हा मला उपकारापेक्षा रागच जास्त आला होता.

पंगतीत त्यानं मला आपल्या शेजारी बसवलं. पहिल्यांदा मी वाढायला नव्हतो. मी हळूच विचारलं, असं का बोललास. तो पोळीवर तूप घेत होता. म्हणाला, "तुना आबा येल व्हतात माले भेटाले. मिलना गेटवर, सायकलवर." मी त्याच्या घोट्यावर बूट घालण्याआधीची गोष्ट. तुम्ही पाळी संपवून, पूल ओलांडून गेला होतात. माझ्या पोराला एकदा पाहून घ्या, जागा असेल तर घ्या, म्हणाला होतात. त्यानं कोचला विचारलं, कोच नाही म्हणाला, आणि ते त्याला तुम्हाला सांगावं लागलं. माझ्या पोराला कळू देऊ नको, एवढंच तुम्ही बोललात. पुढे माझ्या बोलावण्याची गोष्ट गल्लीभर झाली ती त्याच्याही कानावर गेली. तेव्हा त्यानं तुम्हाला परत एकदा गेटवर बोलावून घेतलं. "काय म्हनू लोकेसले?" असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "म्हनू दे त्याले. तू बी तेच सांग." दोन्ही वेळा तुम्ही दोघं गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत बसला होतात, म्हणे.

म्हणजे त्या रविवारी ताटात हात थांबला तेव्हाच तुम्हाला सगळं ठाऊक होतं. खात्यात ओरडून सांगितलंत तेही ठाऊक असताना. हे पत्र घागरीपाशी ठेवावं असं सकाळी मनात आलं होतं, पण तुमची सून ते वाचेल, आणि मुलीही. कपाटातल्या शालीच्या घडीत ते राहील. तुम्ही माझ्यासाठी दुसऱ्याच्या दारात गेलात, हे ऐकून माणसानं हात जोडायला हवेत. मीही जोडले, पण घरी आल्यावर, घागरीपुढे. तिथे पानावर बसलो असताना मी त्याच्याकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, की आबा या माणसाबरोबर दोनदा टपरीवर बसले आणि माझ्याबरोबर एकदाही नाही. त्याला वाटलं मी आता रडणार, त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्याला विचारलं, चहाबरोबर आबांनी काय खाल्लं होतं?