भट्टीवरची आसनं

कोल्हापूर, सोमवार

प्रिय सयाजीस,

कुतुबुद्दीनचा सलाम. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि तुझ्या दम्याला सक्त ताकीद. इकडचं सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे. ती मोडवत नाही, म्हणून जे ठीक आहे तेवढं लिहितो. बेकरीची भट्टी ठीक आहे, बायको ठीक आहे, पाव रोज संपतो. तुझा थोरला भाऊ आण्णा मात्र शनिवारपासून सरकारी दवाखान्यात आहे आणि तो उठेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. तू त्याच्याशी बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे (तोही तुझ्याशी बोलत नाही, पण सध्या तो कुणाशीच फारसं बोलत नाही). तरी पत्र शेवटपर्यंत वाच.

झालं असं की, साखर कारखान्यात रस आटवायच्या विभागात उभा जन्म काढलेला माणूस रिटायर झाला आणि त्याला भर चैत्रात थंडी वाजायला लागली. गुडघे धरले. एकदा तो माझ्या भट्टीच्या वरच्या खोलीत, जिथे मी मैद्याची पोती ठेवतो, गप्पा मारत बसला आणि बसल्या बसल्या त्याला मांडी घालता आली. झालं. तिथेच त्याने आसनांचा वर्ग काढला. पेठेतले सगळे रिटायर म्हातारे जमले, मंडळ झालं, आणि मंडळ झालं म्हटल्यावर अध्यक्ष आलाच. अध्यक्ष भाऊसो, माजी हेडमास्तर. त्यांनी नियम केले : खिडकी बंद, दार बंद, पाणी वर्ज्य. पाण्याने म्हणे घामाचं तेज जातं. मी म्हटलं, अहो, भट्टीवरची माझी माणसं घटकेघटकेला मिठाचं पाणी पितात, डोकं गरगरलं की बाहेर गल्लीत जाऊन बसतात, तुम्हीही तसंच करा. त्यावर, बेकरी वेगळी आणि योग वेगळा, असं मला ऐकवण्यात आलं (खोली माझी, भाडं शून्य).

शनिवारी मंडळाचा वाढदिवस होता. नेमकी ईद तोंडावर, नानकटाईच्या ऑर्डरी, म्हणून भट्टी दुप्पट पेटलेली. वर म्हातारे निथळत होते. आणि आण्णाचा घाम थांबला. अंग कोरडं ठणठणीत, तोंड लालबुंद. सयाजी, तुझ्यामाझ्यासारख्या अडाण्याने अशा वेळी आरडाओरडा केला असता. पण भाऊसो शिकलेले. त्यांनी जाहीर केलं की आण्णांनी उष्णतेवर विजय मिळवला आहे, आता त्यांना घामाची गरज उरली नाही. संध्याकाळी खाली अंगणात व्हायचा आण्णाचा सत्कार त्यांनी तिथल्या तिथे उरकायला घेतला. उष्माघात झालेल्या माणसाच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, डोक्याला फेटा बांधला आणि खिडकी न उघडता भाषण सुरू केलं. मध्येच आण्णा म्हणाला, "वाफ बंद करा की रं. वाफ बंद करा." तो मनाने कारखान्यात पोचला होता. मंडळींना त्यात अध्यात्म दिसलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून मी नानकटाईचं ताट घेऊन वर गेलो, तेव्हा तो पोत्यावर कलंडला होता.

शाल मी ओढून काढली, खिडकी फोडली, घागर ओतली. फेटा मात्र सोडवेना. माणूस शुद्धीवर नाही, पण दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरून एकच घोकतोय, "ह्यो न्हाय काढायचा. ह्यो मानाचा हाय." माझ्या दोघा कामगारांनी त्याचे हात धरले तेव्हा कुठे तो निघाला. तेव्हा मला तुझ्या थोरलीचं लग्न आठवलं. गडहिंग्लजच्या त्या मांडवात फेटे संपले आणि नवरीचा सख्खा चुलता बोडका राहिला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं हे तुला ठाऊक, मला ठाऊक. आण्णा न जेवता उठला, तू त्याला अडवायला उठला नाहीस, आणि तिथून दोन घरं तुटली. एवढ्याशा कापडावरून. मला तुमचा दोघांचाही राग येतो.

डॉक्टरांनी विचारलं, घाम थांबलेल्या माणसाला शालीत कुणी गुंडाळलं? भाऊसो म्हणाले, मंडळानं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मूत्रपिंडं बसली आहेत एवढं सांगितलं. आण्णा मधूनच डोळे उघडतो, उशाशी चाचपतो. बाकी विशेष नाही. वर्ग बंद आहे. तब्येतीला जप.

तुझा,
कुतुबुद्दीन

ता. क. तार करणार होतो, पण तारेत एवढं मावत नाही. पत्र गडहिंग्लजच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. तो परत निघेल त्याच गाडीने तू ये.

ता. क. पाकीट चिकटवत होतो तर तुझ्या झुंबरवहिनी आण्णाजवळून, दवाखान्यातून आल्या. मंडळाने फक्त शाल-नारळ आणला होता, मग फेटा कुठला, हे मी विचारलंच नव्हतं. तो त्यांनी स्वतः विकत घेतलेला. म्हणाल्या, "खोटं सांगितलं बघा मी. म्हटलं, सयाजीभाऊजींनी गडहिंग्लजहून पाठवलाय. एरवी ह्यांनी डोक्याला लावूनच घेतला नसता." सकाळी आण्णा शुद्धीवर आला तेव्हा त्याने, सयाजी कधी येणार, असं विचारलं. तेव्हा तू ये, आणि त्याने फेट्याचा विषय काढला तर, व्हय, मीच पाठवला, एवढं म्हण. दुसरं काही बोलू नकोस.

ता. क. अबोली रंगाचा आहे, जरीकाठी. तो विचारेल.