मेले ब्याड

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, अक्कलकोट रोड
ता. १९ मे १९७४

रा. रा. शिवयोगी साडूभाऊ यांस,

बसलिंगप्पाचे शरणु शरणार्थी. पत्र पोचेल तेव्हा तुम्ही, रत्नम्मा आणि मुले मुंबईत सुखरूप असाल अशी आशा करण्याची रीत आहे, म्हणून करतो. रत्नम्मांच्या दाताचे काय झाले ते कळवावे. माझ्या प्रकृतीची विचारपूस तुम्ही करणार नाही हे मी धरूनच चाललो आहे, कारण तुमच्या लेखी मी गेल्या मार्चमध्येच वारलो.

परवा अक्कलकोटच्या लग्नात तुम्ही भर पंगतीत आमच्या बोटीच्या प्रवासाची हकिगत सांगितलीत. मी तुमच्यापासून अकरा पाने पलीकडे बसलो होतो, पण तुमचा आवाज (सरकारी कचेरीत बसून माणसाचा आवाज एवढा कसा वाढतो?) माझ्यापर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. नवरीचे मामा हसता हसता ठसकले. माझ्या पानातली गव्हाची हुग्गी गार झाली. हात धुवायला उठलो तर ज्याला मी जन्मात पाहिलेले नाही अशा एका रुमालवाल्या गृहस्थाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि शेजाऱ्याला विचारले, "हेच की वो ते मेलेअप्पा?" साडूभाऊ, बावन्न वर्षे मी बसलिंगप्पा म्हणून जगलो. आता या वयात नाव बदलून घेण्याची माझी इच्छा नाही. तेव्हा तुमची बाजू सगळ्या पाहुण्यांनी ऐकली, आता माझी बाजू निदान तुम्ही तरी ऐका.

मुळात बोट ही माझी कल्पना नव्हती. फोंड्याला दिलेल्या आमच्या रुद्राणीला दुसरा मुलगा झाला, बारशाला जाणे भाग होते, आणि मी सरळ एस.टी.ने जाणार होतो. कमलम्मा म्हणाली, मुंबईहून बोटीने जाऊ. मी कारण विचारले. ती म्हणाली, "समुद्र बघायचाय वो एकदा. घागरी मोजण्यात जलम गेला. ज्याला कडच न्हाय असलं पाणी एकदा तरी बघू द्या की." आता तुम्ही मुंबईकर नळाखाली बसून आंघोळ करता, तुम्हाला हे कळायचे नाही. पण लग्नाला एकतीस वर्षे झाली आणि एवढ्या काळात तिने स्वतःसाठी मागितलेली ही दुसरीच गोष्ट. (पहिली म्हणजे घरात नळ. तो यायचा आहे.) मी लगेच हो म्हटले, हे तुम्ही पंगतीत सांगितले नाहीत.

मग तुम्ही कळवलेत की वरच्या मजल्यावरची खिडकीवाली केबिन आठ दिवस धरून ठेवली आहे, पसंत असल्यास कळवा. पसंत असल्यास! म्हणजे नापसंत करण्याचा अधिकार तुम्हीच मला दिलात. मी कापडाच्या धंद्यातला माणूस, सुताची लडी ओढून तोडून बघितल्याशिवाय घेत नाही, तर जीव ठेवायची जागा न तपासता घेऊ? आमच्या पेठेत समुद्रावर गेलेला माणूस एकच, नागप्पा मास्तर. ते एकदा बोटीने गोव्याला गेले होते आणि रत्नागिरीपासून पणजीपर्यंत त्यांची मान कठड्याबाहेरच होती, त्यामुळे त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांनी फळ्यावर बोट काढून दाखवली. वर घ्याल तर जास्त हलते. टोकाला घ्याल तर उचलून आपटते. इंजिनाजवळ घ्याल तर आवाजाने झोप नाही, भटारखान्याजवळ घ्याल तर वासाने जेवण नाही, जिन्याजवळ घ्याल तर येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय. तेव्हा घ्यायची तर खालची, मधली, आतल्या अंगाची. मास्तरांनी तिथे खडूने फुली मारली.

तरी मी ऐकीव गोष्टीवर विसंबलो नाही. दुसऱ्या दिवशी काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन वळसंगच्या एस.टी.त बसलो, जाताना मागच्या बाकावर आणि येताना मधल्या. कुठे किती पाणी सांडते ते बघायचे, एवढा साधा प्रयोग. पण शास्त्राची कदर आपल्याकडे नाही. हातात तांब्या बघून कंडक्टरने भलताच अर्थ काढला. दर दीड मैलाला घंटी मारून गाडी थांबवायचा आणि म्हणायचा, "काका, उतरा, हितं झाडी हाय. लाजू नगा, आमी थांबतो." मी नको नको म्हणालो की साऱ्या गाडीला माझी जास्तच दया यायची. एका म्हातारीने डाळिंबाची साल उगाळून घ्यायला सांगितली. मागच्या बाकावर अर्धा तांब्या माझ्या धोतरावर सांडला, तेव्हा तर लोकांनी आपसूक माझ्यापासून अंतर धरले. येताना मधल्या बाकावर जेमतेम चार घोट सांडले. एवढा अपमान सोसून मी सिद्ध केले की मास्तरांची फुली बरोबर होती.

तुमची आठ दिवसांची मुदत संपत आली होती, म्हणून मी तार ऑफिसात जाऊन तुमच्या कचेरीला ट्रंककॉल लावला. (इथून मुख्य गोष्ट सुरू होते, आणि तुम्ही ती पंगतीत साफ उलटी सांगितलीत.) अडीच तासांनी लाइन मिळाली. पलीकडे कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. मागे रांगेतली माणसे खोळंबलेली. आपल्या घरात रागावलो की मराठी आणि घाईत असलो की कन्नड, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी घाईत होतो. पलीकडून कोणीतरी "हॅलो" म्हणाले, ते तुम्हीच असे धरून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मेले ब्याड! मेले ब्याड!" वरची नको! याहून स्पष्ट कन्नड अक्कलकोटच्या पलीकडे गेल्यावरसुद्धा मिळणार नाही.

आता फोनवर तुमच्याऐवजी तुमच्या शेजारच्या टेबलावरचे ते मालवणकडचे गृहस्थ होते, हा माझा गुन्हा? त्यांना कन्नड येत नाही, हा माझा गुन्हा? त्यांनी कागदावर काय लिहून ठेवले ते तुम्हीच मला नंतर दाखवलेत: 'सोलापूरहून फोन. मेले. बॅड न्यूज.' न्यूज हा शब्द मी उच्चारलासुद्धा नव्हता. तो त्यांनी पदरचा घातला. कोण मेले, कसे मेले, याची चौकशी न करता तुम्ही उभयता त्याच दिवशी मेलगाडीत बसलात. बरे, घरात इतकी माणसे असता तुम्ही मलाच का निवडलेत, हेही मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

सकाळी मी आंघोळ करून, विभूती लावून, पूजा आटोपून भाकरी आणि शेंगाचटणी खात बसलो होतो. तोच अंगणातून रत्नम्मांचा हंबरडा ऐकू आला. शेजारपाजारच्या बायका धावल्या, मागवाले माग सोडून आले. रत्नम्मा कमलम्माच्या गळ्यात पडून रडू लागल्या, आणि काय झाले हे माहीत नसल्याने कमलम्माही रडू लागली. (तिला वाटले तुम्ही गेलात. पण तुम्ही मागे उभेच होतात.) मी हातातला घास तसाच धरून बाहेर आलो. रत्नम्मांनी डोळे पुसले, मला नीट पाहिले आणि म्हणाल्या, "अय्यो, हे तर हायती की!" हे वाक्य कोणत्या सुरात म्हटले जाते याला महत्त्व असते, साडूभाऊ. तो सूर आनंदाचा नव्हता. रात्रभर डब्यात उभे राहून आलेल्या माणसाचा होता. आणि तुमच्या हातात स्टेशनबाहेर घेतलेला हार होता. मी तो पाहिला. वीतभर हार! थोरल्या साडूसाठी, ज्याने तुमच्या लग्नात तीन दिवस वाढपाचे काम केले त्याच्यासाठी, वीतभर, आणि त्यातही निम्मा पाला. तो मी सिद्धेश्वराला वाहिला. देवानेही तो कसाबसा घालून घेतला.

तुम्ही इथे माझ्या सुतकाला आलात आणि तिकडे मुदत संपून खिडकीची केबिन दुसऱ्याला गेली. उरली होती ती एकच, खालची, मधली, आतल्या अंगाची. म्हणजे मास्तरांची फुली! मी म्हटले, पाहा, सत्याला देव साहाय्य करतो. पेढे आणवले. कमलम्माने पेढा हातात घेऊन एवढेच विचारले, "तितं खिडकी हाय न्हवं?" मी म्हटले, खिडकी कशाला, वारा बाधतो. पेढा तिने बहिणीला दिला.

प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. बोट अजिबात हलली नाही. (हलली असेल, आम्हाला कळले नाही, हेच तर माझ्या निवडीचे यश.) धक्क्यावरच्या रेटारेटीत कमलम्माला पुढच्या बाईच्या डोक्यावरचे बोचके तेवढे दिसले. तो लोखंडी जिना ती एकदा कशीबशी उतरली, पण पुन्हा वर चढणे तिच्या गुडघ्याला शक्य नव्हते. केबिनीला चार भिंती होत्या आणि चारीही पोपटी होत्या. समुद्राची ओटी भरायला तिने सोलापुरातून नारळ आणि हळदकुंकू आणले होते. तिने विचारले, आता समुद्र कुठल्या बाजूला आहे? मी म्हटले, सगळ्याच बाजूंना. मग तिने त्यातल्या त्यात समोरची भिंत निवडली, तिला हळदकुंकू लावले, नारळ टेकवला, नमस्कार केला आणि तिच्याकडे तोंड करून बसून राहिली. पणजी येईपर्यंत ती तशीच बसली होती. तिथे बोट नदीत लागते, आणि दोघा खलाशांनी धरून तिला वर चढवले तेव्हाही पुढे बोचकीच होती. बोटीवरच्या झाडूवाल्याने कुंकू पाहून मला दहा वाक्ये सुनावली. तीही मीच ऐकली.

फोंड्याला आठ दिवस बाळ-बाळंतिणीचे करण्यात गेले. तिथून समुद्र लांब. परत येताना मला घाई होती, म्हणून एस.टी.ने आलो. आल्या दिवशी पेठेतल्या बायका जमल्या आणि समुद्र कसा असतो म्हणून विचारू लागल्या. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. कमलम्मा अगदी शांतपणे म्हणाली, "पोपटी असतोय. मदी एक पट्टी असती आन् सोळा खिळे." बायका हसल्या. ती हसली नाही. तेव्हापासून महिना झाला, माझ्या ताटात भाकरी वेळेवर पडते, पण 'आणखी घ्या' हे शब्द या घरात मी ऐकलेले नाहीत. नारळ देवघरात आहे. चटणीला खोबरे नसले तरी त्याला हात लावू देत नाही.

आता मला सांगा, यात माझी चूक कुठे आहे? चूक त्या मालवणच्या गृहस्थांची, मास्तरांच्या फुलीची, बोट बांधणाऱ्याची, आणि सगळ्यांत जास्त तुमची, कारण तुम्ही लोकांना हसवलेत. पुढच्या लग्नात तुम्ही याच पंगतीपुढे खुलासा कराल अशी अपेक्षा आहे.

कळावे. लोभ तूर्त आहे तेवढाच ठेवावा.

तुमचा (जिवंत)
बसलिंगप्पा

ता. क. नातवाचे जावळ दसऱ्यानंतर काढायचे ठरले आहे. पावसाळा सरला की बोटी पुन्हा सुरू होतात असे मास्तर म्हणतात. पहिल्याच बोटीची वरची, खिडकीवाली केबिन धरून ठेवावी. कितीही हलली तरी चालेल. तुमची ओळख लागत नसेल तर त्या मालवणच्या गृहस्थांनाही मध्ये घालावे. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

दुसरा ता. क. केबिनीत जागा दोन असतात. दुसरीवर कोण, असे कमलम्माला विचारले तर तिने रत्नम्मांचे नाव सांगितले. तेव्हा रत्नम्मांना तयार करावे. मला खाली इंजिनाच्या शेजारी जागा पाहावी. त्या शांत केबिनीत माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरी रात्रपाळीचे माग खडखडत असतात तेव्हा मी झोपतो, आवाज थांबला की कुठे धोटा अडकला म्हणून दचकून उठतो. बोटीवर रात्रभर धोटा अडकल्यासारखेच वाटत होते.

तिसरा ता. क. हे रत्नम्मांना वाचून दाखवू नये. पहाटे झोप येईना म्हणून मी एकटा वर गेलो होतो. साडूभाऊ, मी पाहिला तो. उजाडत होते आणि खरोखरच कुठे कड नव्हती. मी बराच वेळ उभा राहिलो. खाली आलो तर ती जागीच होती, म्हणाली कसा आहे. मी म्हटले, काही नाही, आपल्या हिप्परग्याच्या तलावासारखाच. ती म्हणाली, मग बरं. ते 'मग बरं' माझ्या कानातून जात नाही.

ट्रंककॉल करत नाही. रत्नम्मांना पुन्हा रडत यावे लागेल आणि तुम्हाला पुन्हा हार घ्यावा लागेल. म्हणून लेखी, ठळक अक्षरांत, तुमच्या सगळ्या कचेरीला समजेल असे कळवतो: मेले बेकु. वरची पाहिजे. नारळ तोच आणणार आहोत.