जावयाचा ज, जिलबीचा ज

३ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढंच दिसेल, चष्म्यानेही अक्षर लागायचं नाही. घरी येऊन ह्यांनी चष्मा पुसला, डबीत ठेवला. लग्नापासून सकाळचं शास्त्रवाचन हेच करतात, बायबल मोठ्याने वाचून. उद्या कोण?

५ डिसें.
रूथने (धाकटी लेक, घरूनच कॉम्प्युटरचं काम करते) तिच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्सला शास्त्र वाचायला लावलं. बाईचा आवाज. 'राजा'त जावयाचा ज हवा, बाईने जिलबीचा लावला. हे म्हणाले, "बंद कर. हिंदी शाळेतली दिसते." वर्गातल्या चाळीस-चाळीस पोरांचे उच्चार घासूनपुसून घेतलेले मास्तर. भिंतीकडे तोंड करून निजले.

६ डिसें.
रू. म्हणते बाईच्या 'ज'ची दुरुस्ती झालीय, पण तयार पॅकेजात अजून आलेली नाही. "गिटमधून बांधावं लागेल, आई." प्रोग्राम लिहिणारे रोजचं काम ठेवतात ती जागा म्हणजे गिट.
"म्हणजे पिशवीचं दूध नको, गोठ्यातून आणायचं?"
"व्हय. उकळायचं मात्र आपणच."
जमलं तर सगळ्यांसाठी पाठवणार. तिकडच्या लिनक्सवाल्यांनी घेतलं तर.

९ डिसें.
बांधणी तुटली. पडद्यावर लाल ओळी. हे पलंगावरून, "पाया खणलास का आधी?"
"पप्पा, पायाचाच एक दगड जुना निघाला."
दुपारी डोळा लागला. रू. गोठ्यात धार काढत होती. बादलीत दूध नव्हतं, अक्षरं. पांढरी, कोमट. मी बोट बुडवलं तर...

११ डिसें.
आज बांधलं गेलं. ओळी वर वर सरकत होत्या, कारखान्याकडे उसाच्या गाड्या जाव्यात तशा, शेपूटच दिसेना. बघत राहिले, भाजी खाली लागली.
'राजा' बरोबर आला. हे उठून बसले. मग 'जन्म' आला, तोही जावयाचा. हे हसले. किती दिवसांनी. "बाई आता जरा जास्तच मराठी झाली."

१४ डिसें.
बाई वाचते, हे अडवतात. "जन्म, बाई. जिलबीचा." रू. चुका तिकडे कळवते. पॅकेज पाठवलंय. उत्तर नाही. नाताळाच्या वाचनात 'जन्म' नीट यावा, एवढंच प्रभूजवळ मागितलं.

१९ डिसें.
अजून उत्तर नाही. सकाळी लाइट गेली, बाई गप्प. जरा वेळाने ह्यांनीच सुरू केलं, पाठ. तीन ओळी सरळ. चौथीला थांबले. मला येत होती. म्हटली नाही, ह्यांनाच आठवू दे. रू.ने माझ्याकडे पाहिलं. बाहेर उसाची गाडी चाललेली, तिच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तिघं तशीच बसलो, चौथ्या ओळीपाशी.